ॲप आठवडाभर फुकट द्यावे का?

(पहूर येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलावले तेव्हा 'तरुण आणि मोबाइल' असा विषय सांगितला होता. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायला गेलो तर मी उपदेश करीन आणि तुम्ही खाली मान घालून मोबाइल बघत बसाल. म्हणून त्यातला एकच प्रश्न घेतो, पण तो नीट घेतो.

पाचोरा, शेंदुर्णी, पहूर, जामनेर या पट्ट्यातली काही मुले-मुली आता स्वतः ॲप तयार करतात. कोणी बीसीए करून, कोणी डिप्लोमा करून, कोणी नुसते व्हिडिओ बघून शिकले. रात्री जागून ॲप तयार होते. किंमत ठरते नव्व्याण्णव रुपये. महिन्याभरात नऊ जण विकत घेतात, त्यातले चार नात्यातले. मग कोणीतरी सल्ला देतो की आठवडाभर फुकट करून टाक, हजारो लोक डाउनलोड करतील, नाव होईल, मग पुन्हा पैसे लाव.

हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. माझे मत असे, की एकट्याने काम करणाऱ्या डेव्हलपरला त्याचा बहुतेक वेळा उपयोग होत नाही, आणि कधीकधी नुकसानच होते. उपयोग होतो तो दोनच वेळा. एक तर फुकटाचे पैसे दुसरे कोणीतरी भरत असते, किंवा फुकटात दिलेल्या वस्तूच्या मागे विकायला दुसरी वस्तू तयार असते.

मोहरममध्ये सबील लागते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सरबत फुकट मिळते, जात-धर्म कोणी विचारत नाही. पण साखरवाल्याला साखरेचे पैसे मिळालेले असतात, बर्फवाल्याला बर्फाचे. मंडपवाल्याला थोडे उशिरा मिळतात, तो भाग वेगळा. सबील कोणाच्या तरी खिशातून चालते आणि ज्याच्या खिशातून चालते त्याने ते समजून-उमजून ठरवलेले असते. आपला डेव्हलपर मात्र आठवडाभर सरबतही वाटतो आणि साखरही त्याच्याच घरची असते.

आता एक खरी घटना सांगतो. ती आपल्या भागातली नाही, ऑस्ट्रेलियातली आहे, पण तिच्यातले आकडे त्या लोकांनी स्वतः उघडपणे सांगितले म्हणून शिकण्यासारखी आहे.

ॲडिलेड शहरात शिफ्टी जेली नावाची मूठभर माणसांची कंपनी होती. पॉकेट कास्ट्स हे त्यांचे पॉडकास्ट ऐकण्याचे ॲप. मार्च २०११ मध्ये ॲमेझॉनने अँड्रॉइड फोनसाठी स्वतःचे ॲप-दुकान उघडले आणि गिऱ्हाईक खेचण्यासाठी रोज एक विकतचे ॲप त्या दिवसापुरते फुकट द्यायला सुरुवात केली. ॲमेझॉनच्या करारात असे होते की ॲप फुकट दिले तरी डेव्हलपरला त्याने ठरवलेल्या किमतीच्या किमान २० टक्के मिळतील. पण या कंपनीला जो मेल आला त्यात स्पष्ट लिहिले होते की त्या दिवसापुरता तुमचा वाटा शून्य. बदल्यात काय, तर प्रसिद्धी. त्यांनी विचार केला आणि होकार दिला.

२७ जून २०११ या एका दिवसात त्यांच्या ॲपच्या १,०१,४९१ प्रती गेल्या. करारातले २० टक्के मिळाले असते तर त्यांच्या हिशेबाने ५४,८०० डॉलर झाले असते. हातात आले शून्य डॉलर.

आता तुम्ही म्हणाल, अहो, त्या लाखभर लोकांनी घेतलेच नसते विकत. बरोबर. म्हणून ५४,८०० चा तोटा झाला असे मीही म्हणत नाही. खरा हिशेब पुढच्या दिवसांचा आहे. दुसऱ्या दिवशी विक्री जराशी वाढली आणि मग होती तिथे परत आली, दिवसाला चार-दोन प्रती. पुढचे काही आठवडे रोज सुमारे ३०० मेल येत राहिले. हे चालत नाही, ते का नाही, अमुक सोय कधी देणार. ॲपच्या मागे त्यांचा सर्व्हर होता. एवढी माणसे एकदम आल्यावर तो दमला, आणि ज्यांच्याकडून एक पैसाही आला नव्हता त्यांच्यासाठी त्यांना नवे सर्व्हर विकत घ्यावे लागले. ऑगस्टमध्ये त्यांनी हे सगळे जाहीर लिहिले आणि ॲमेझॉनच्या दुकानातून ॲप काढून घेतले.

या गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो सहसा कोणी सांगत नाही. पॉकेट कास्ट्स बुडाले नाही. ते पैसे घेऊन चालत राहिले, लोकांना आवडत गेले. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओ संस्थांनी मिळून ते विकत घेतले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तेच ॲप फुकट झाले, कायमचे. पण या वेळी मागे वर्गणीची 'प्लस' योजना होती आणि तोटा सोसायला मोठ्या संस्था होत्या. तरीही ज्यांनी पूर्वी पैसे मोजले होते ती माणसे चिडली. शेवटी त्यांच्यातल्या काहींना प्लस आयुष्यभरासाठी द्यावे लागले. २०२१ मध्ये ॲप पुन्हा विकले गेले, ऑटोमॅटिक या कंपनीला. म्हणजे मोठ्या पाठीराख्यांनाही फुकट पेलणे सोपे गेले नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. समजा, एखाद्या मुलीने कापसाच्या शेतकऱ्यासाठी मराठीत हिशेबाचे ॲप केले. वेचणीची मजुरी, फवारणी, बियाणे, जिनिंगला किती गेला, किती पैसे बाकी. किंमत नव्व्याण्णव रुपये. गूगल लहान डेव्हलपरकडून १५ टक्के घेते, म्हणजे कर बाजूला ठेवला तर हातात चौऱ्याऐंशीच्या आसपास. आता तिने आठवडाभर फुकट दिले आणि, समजा, पाच हजार जणांनी घेतले. प्रत्येकाच्या ओटीपीचा एसएमएस वीस पैशांना पडतो असे धरा, हजार रुपये गेले. शंभर जणांनी मदत मागितली, प्रत्येकाला दहा मिनिटे दिली तर जवळजवळ सतरा तास गेले. हे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्या ॲपचे घाला, पण हिशेब कागदावर करा.

यात हजार रुपयांचा तोटा मोठा नाही. पुढे बारा जणांनी विकत घेतले की तो निघतो. प्रश्न असा की ते बारा जण कुठून येणार? पॉडकास्ट ऐकणारे जगभर आहेत. मराठीत कापसाचा हिशेब ठेवू इच्छिणारा, स्मार्टफोनवर टाइप करणारा आणि त्यासाठी पैसे देण्याची तयारी असणारा माणूस किती ठिकाणी सापडतो? ज्याला खरोखर गरज होती त्यानेच त्या आठवड्यात पहिल्यांदा घेतले. लहान बाजारात फुकट वाटणे म्हणजे आपलेच गिऱ्हाईक संपवणे. हे मोठ्या शहरातल्या सल्लागारांच्या लक्षात येत नाही, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे इंग्रजी ॲपचा बाजार असतो.

आणखी एक गोष्ट. ॲप-दुकानात विकतच्या आणि फुकटच्या ॲपच्या याद्या वेगळ्या असतात. आठवडाभर फुकटच्या यादीत तुम्ही वर गेलात तरी पुन्हा किंमत लावली की त्या यादीतून बाहेर पडता. फुकट आहे म्हणून घेणारा माणूस ॲप उघडतोही कमी. उघडले तर दोन मिनिटांत एक तारा देऊन मोकळा होतो, कारण त्याला ते ॲप नकोच होते. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये हॉटेले आणि दुकाने यांच्याबाबत असेच तपासले होते. ग्रुपॉनच्या सवलतीचा उल्लेख करणाऱ्या गिऱ्हाइकांनी दिलेले गुण इतरांपेक्षा सरासरी दहा टक्क्यांनी कमी निघाले. मात्र त्याच संशोधकांनी असेही म्हटले होते की आधीचे गुण कदाचित फुगलेले असतील. चुलतभावांनी दिलेले पाच तारे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत.

मग लोक म्हणतात, जिओने नाही का केले? केले. ५ सप्टेंबर २०१६ पासून ३१ मार्च २०१७ पर्यंत जिओने इंटरनेट आणि बोलणे फुकट दिले आणि आज त्याचे बिल आपण दर महिन्याला भरतो. पण त्या फुकटामागे देशभर उभारलेले टॉवर होते आणि महिनोन्‌महिने तोटा सोसणारा खिसा होता. उधारीच्या वहीचे ॲप घ्या. खाताबुकसारखी ॲप दुकानदाराला फुकट मिळतात. खाताबुकने २०२१ मध्ये गुंतवणूकदारांकडून १० कोटी डॉलर उभे केले. आपल्या पोराने उधारीच्या वहीचे ॲप करून ते सात दिवस फुकट दिले, तर दुकानदार विचारणार, ते तर रोजच फुकट आहे, तुझ्यात विशेष काय? तिथे फुकटाने स्पर्धा होतच नाही. विशेष काहीतरी असावेच लागते. तावडीतले शब्द असतील, उर्दूत पावती निघत असेल, गावातल्या व्यवहाराची एखादी खोच सांभाळली असेल. आणि तसे विशेष असेल तर ते फुकट का द्यायचे?

आता एक विषय काढतो तो आपल्या घरातला आहे, म्हणून थोडा स्पष्ट बोलतो.

नमाजच्या वेळा, कुरआनचा मराठी अर्थ, रमजानचे वेळापत्रक, जमातीचा हिशेब, मदरशाची हजेरी अशी ॲप करणारी मुले आपल्यात बरीच आहेत. त्यांनी किंमत लावली की पहिला प्रश्न येतो: "बेटा, दीन के काम के पैसे लेता है क्या?" सवाब मिळेल, दुआ मिळेल. विचारणारे चाचा वाईट नसतात, प्रेमानेच बोलतात. पण मशिदीचा रंग काढताना रंगाऱ्याला आपण पैसे देतो. वजूखान्याचा नळ बदलला की प्लंबरला देतो. मग ज्या मुलाने तीन महिने डोळे फोडले त्यानेच एकट्याने सवाबावर का राहायचे? त्याला स्वखुशीने काम द्यायचे असेल तर जरूर द्यावे, ती त्याची मर्जी. पण संकोच वाटला म्हणून दिलेले काम दान नसते. आणि ते टिकतही नाही. वर्षभरात फोनची नवी आवृत्ती येते, ॲप बंद पडते आणि मुलगा पुण्याला नोकरीला गेलेला असतो.

अलवरच्या इमरान खान यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. राजस्थानातले शिक्षक. त्यांनी पन्नासच्या वर शैक्षणिक ॲप तयार करून विद्यार्थ्यांना फुकट दिली आणि १३ नोव्हेंबर २०१५ रोजी लंडनच्या वेंबली मैदानावरच्या भाषणात पंतप्रधानांनी त्यांचा उल्लेख केला. अभिमान वाटावा असेच काम आहे. पण तिथेही सबीलचाच नियम लागू होतो. इमरान खान सरकारी शाळेत नोकरीला होते, त्यांचे घर पगारावर चालत होते. ज्याचे घर ॲपवरच चालायचे आहे त्याच्यापुढे त्यांचे उदाहरण ठेवून "बघ, त्यांनी फुकट दिले" असे म्हणणे न्यायाचे नाही.

आणि फुकटाचा खर्च भरणारा कोणीच नसेल तर काय होते? नोव्हेंबर २०२० मध्ये व्हाइस या अमेरिकी माध्यमसंस्थेने एक बातमी दिली. मुस्लिम प्रो हे नमाजच्या वेळा आणि किबला दाखवणारे ॲप तेव्हा ९ कोटी ८० लाखांहून अधिक वेळा डाउनलोड झालेले होते. ते वापरणारे कुठे आहेत, कुठे जातात ही माहिती एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जात होती. ती कंपनी अशी माहिती ठेकेदारांना विकत होती आणि त्यांच्यामार्फत ती अमेरिकी लष्करापर्यंत पोचत होती. बातमी आल्यावर मुस्लिम प्रोने त्या कंपनीशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. जगभरातल्या मुसलमानांना केवढा धक्का बसला असेल, विचार करा. किबला शोधायला फोन उघडला आणि आपला ठावठिकाणा कुठल्या कुठे गेला. आपल्याच गावातल्या मुलाला वर्षाला पन्नास रुपये देऊन ज्याच्या आत काय आहे ते त्याला विचारता येईल असे ॲप वापरणे मला त्यापेक्षा सुरक्षित वाटते. जमातींनी, विश्वस्तांनी यावर बसून बोलावे. ॲप सर्वांना फुकट हवे असेल तर डेव्हलपरशी वर्षाचा करार करा, ठरलेली रक्कम द्या, मग खुशाल सबील लावा.

पैसे तिसऱ्याने भरायची पद्धत आपल्याला नवी नाही. ठिबक घ्या. शेजारच्या वाकोदच्या भवरलाल जैन यांनी ठिबकचा एवढा मोठा कारखाना जळगावात उभा केला. केंद्राच्या योजनेत अल्पभूधारकाला ठिबकवर ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. शेतकऱ्याला स्वस्त पडते, पण नळी तयार करणाऱ्याला पूर्ण किंमत मिळते. मधला फरक सरकार भरते. ॲपच्या जगातही असे झाले आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' हा खेळ तयार केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी २०२० मध्ये खेळ आला. पुढे नेटफ्लिक्सच्या सभासदांना तो मोबाइलवर वेगळे पैसे न देता खेळता येऊ लागला. खेळणाऱ्याला फुकट, पण अशा खेळांसाठी नेटफ्लिक्स निर्मात्याशी करार करते. अमेरिकेत एपिक कंपनी आपल्या दुकानात मुदतीपुरते खेळ फुकट वाटते. कोर्टातल्या कागदपत्रांतून बाहेर आले की डिसेंबर २०१८ ते सप्टेंबर २०१९ या काळात तिने ३८ खेळांसाठी निर्मात्यांना मिळून १ कोटी १६ लाख डॉलर मोजले होते. ॲमेझॉननेही २०१५ मध्ये पद्धत बदलली. फुकट ॲप लोक जितकी मिनिटे वापरतील त्या हिशेबाने डेव्हलपरला मिनिटाला ०.००२ डॉलर द्यायला लागले. ती योजनाही २०१९ पर्यंत गुंडाळली गेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अँड्रॉइड फोनवरचे ते ॲप-दुकानच बंद झाले. म्हणून कोणी मोठा माणूस "तुझे ॲप आम्ही लोकांना फुकट देऊ, तुझी जाहिरात होईल" म्हणाला, तर नम्रपणे विचारा की प्रतीमागे मला किती? लाजू नका.

मग काहीच फुकट द्यायचे नाही का? द्यायचे. खेळ असेल आणि पुढचे टप्पे विकत असतील, तर पहिले टप्पे फुकट द्या. हिशेबाचे ॲप असेल तर एका हंगामाचे खाते फुकट, दुसऱ्या हंगामापासून पैसे. वस्तू आवडलेली असते, आकडे आत साठलेले असतात, माणूस स्वतःहून पैसे देतो. मात्र माहिती अडकवून ठेवू नका. त्याला स्वतःचा हिशेब बाहेर काढता आला पाहिजे. सात दिवस फुकट आणि मग पैसे आपोआप कापले जातील, ही पद्धत आपल्याकडे जपून वापरा. बँक खात्याला हात लागणार म्हटल्यावर इथला माणूस घाबरतो, आणि त्याचे चुकतेही नाही. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके पाठवून खाती रिकामी केल्याच्या बातम्या त्याने वाचल्या आहेत. त्यासाठीच तुमचे ॲपही एपीके फाइल म्हणून गावभर फिरवू नका. लोकांना वाईट सवय लागते.

गूगल प्लेचा एक नियम पाठ करून ठेवा. विकतच्या ॲपवर मुदतीची सवलत देता येते. पण किंमत काढून ॲप सरळ फुकट म्हणून ठेवले, तर तेच ॲप पुन्हा विकतचे करता येत नाही. नव्याने, दुसऱ्या नोंदीखाली टाकावे लागते. जुने डाउनलोड आणि जुने तारे तिकडेच राहतात. एका बटणाची गोष्ट आहे, दाबण्यापूर्वी दोनदा वाचा. त्यापेक्षा गूगल दर तिमाहीला एका ॲपसाठी ५०० पर्यंत प्रोमो कोड देते, ते वापरा. कोणाला द्यायचे ते तुम्ही ठरवता. कृषी सेवा केंद्रवाल्या दादांना एक, गटशेतीच्या ताईंना एक, वर्तमानपत्राच्या वार्ताहराला एक, शाळेतल्या सरांना एक. पन्नास ओळखीच्या माणसांनी महिनाभर वापरून सांगितलेल्या तक्रारी, अनोळखी पाच हजारांच्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी उपयोगाच्या असतात.

शेवटचे, कामाचे. गूगलचे खाते उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात, ॲपलला दरवर्षी ९९. गूगलवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर वैयक्तिक खाते उघडले असेल, तर ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत सामील राहावे लागते. बरीच मुले इथेच अडकतात आणि इंटरनेटवर पैसे देऊन परके चाचणीदार आणतात. आज या सभागृहात बारापेक्षा कितीतरी जास्त माणसे आहेत. ज्यांचे ॲप या टप्प्यावर आहे त्यांनी चहाच्या वेळी पुढच्या टेबलावर नाव, ॲपचे काम आणि चाचणीची लिंक लिहून द्यावी. बाकीच्यांनी आपला जीमेल पत्ता द्यावा आणि चौदा दिवस ते ॲप फोनमधून काढू नये, रोज एकदा तरी उघडावे. चुका सापडल्या तर तारे न देता थेट त्या मुलाला किंवा मुलीला फोन करून सांगाव्यात.